शेवट माहीत असलेली गोष्ट

२०२५ साली दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आली. त्या दिवशी, २ ऑक्टोबरला, ‘कांतारा : चॅप्टर १’ हा कानडी चित्रपट हिंदीसह अनेक भाषांत देशभर लागला, आणि आमच्याकडच्या तरुण मुलांना भांडायला एक छान विषय मिळाला. चहाच्या टपरीवर, कॉलेजच्या पारावर, एस.टी.च्या मागच्या सीटवर एकच वाद. पहिला भारी की हा भारी? एक जण म्हणायचा, “पहिल्यात जीव व्हता, ह्याच्यात नुसता पैसा हाय.” दुसरा लगेच उसळायचा, “तू शेवटची लढाई पाहिली का नीट? अशी लढाई पहिल्यात कुठं व्हती?” तिसरा मध्यस्थी करायचा आणि दोघांच्याही शिव्या खायचा.

या वादात मला रस वाटतो. कारण ही मुलं ज्याला ‘पिक्चरची भांडणं’ म्हणतात, ती खरं म्हणजे समीक्षाच आहे. गोष्ट कशी सांगावी, किती सांगावी, काय झाकून ठेवावं, हे प्रश्न त्यात येतात. कविता लिहिणाऱ्या माणसालाही रोज हेच प्रश्न पडतात. म्हणून आज थोडं या ‘प्रीक्वेल’ नावाच्या प्रकाराबद्दल बोलू.

प्रीक्वेल म्हणजे पूर्वकथा. आधी एक चित्रपट येतो, लोकांना आवडतो. मग त्याच गोष्टीच्या आधी काय घडलं होतं, ते सांगणारा दुसरा चित्रपट निघतो. सिक्वेल गोष्ट पुढं नेतो, प्रीक्वेल मागं नेतो. म्हणजे चित्रपट नंतरचा, पण त्यातला काळ आधीचा. ‘कांतारा’ ३० सप्टेंबर २०२२ला आला. त्याची मुख्य गोष्ट १९९० सालातली. तीन वर्षांनी आलेला ‘चॅप्टर १’ मात्र आपल्याला थेट कदंब राजवटीच्या काळात नेतो. दोन्हींचा लेखक, दिग्दर्शक आणि नायक एकच, ऋषभ शेट्टी.

कुणी विचारील, कानडी चित्रपटाशी परभणीचा काय संबंध? संबंध जुना आहे. १९५६पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो. तेलुगू, कानडी आणि मराठी मुलूख एकाच छत्राखाली नांदत होता. आजही आपली रेल्वे दक्षिण मध्य विभागातली, तिचं मुख्यालय सिकंदराबादला. पुढं टीव्हीवर दक्षिणेचे चित्रपट हिंदीत येऊ लागले, तेव्हा आपल्या गावांना ते परके वाटलेच नाहीत. त्यातलं शेत, देऊळ, जत्रा, जमीनदार, अंगात येणारा देव, हे सगळं आपल्या ओळखीचं होतं.

आता पूर्वकथा ही काही सिनेमावाल्यांनी काढलेली नवी टूम नाही. वाल्मीकी रामायणाचं उत्तरकांड पाहा. रावण मेला, रामाचा राज्याभिषेक झाला, आणि मग अगस्त्य ऋषी येऊन रामाला रावणाची हकिगत सांगतात. त्याचं कुळ कोणतं, त्यानं तप कसं केलं, वर कसा मिळवला. खलनायक मेल्यावर त्याची पूर्वकथा! अनेक अभ्यासक बालकांड आणि उत्तरकांड हे भाग नंतर जोडले गेले असं मानतात. म्हणजे मूळ गोष्ट आवडली म्हणून लोकांनी आधीचं आणि नंतरचं मागितलं असावं, असं म्हणायला जागा आहे.

दुसरं उदाहरण आपल्या मराठवाड्यातलंच. अजिंठ्याला गेलात की भिंतींवर जातककथा दिसतात. जातककथा म्हणजे गौतम बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या कथा. पाली संग्रहात अशा ५४७ आहेत. दहाव्या लेण्यात सहा सुळ्यांच्या हत्तीची, छद्दंताची कथा आहे. तो हत्ती आपल्याला मारायला आलेल्या शिकाऱ्याला स्वतःचे सुळे देऊन टाकतो. सतराव्या लेण्यात विश्वंतर राजपुत्राची कथा आहे. तो जवळचं सर्व काही दान करतो. ही चित्रं पाहणाऱ्या प्रत्येकाला शेवट ठाऊक होता, की हा जीव पुढं बुद्ध होणार आहे. तरी माणसं त्या भिंतीपुढं उभी राहिली.

तिसरं उदाहरण उर्दूतलं. अमीर हमजाची दास्तान लखनौच्या नवल किशोर छापखान्यानं छापली, तिचे ४६ खंड झाले. त्यातला सर्वात गाजलेला भाग ‘तिलिस्मे होशरुबा’. तो १८८३पासून आधी बाहेर आला. हमजाच्या जन्माची हकिगत असलेला ‘नौशेरवाननामा’ गोष्टीच्या क्रमानं पहिला, पण छापून आला त्याच्यानंतर. लोकांना आधी जादूची नगरी हवी होती. तिची चटक लागल्यावर त्यांनी नायकाचा जन्म विचारला. आजचा निर्माता वेगळं काय करतो?

मग अडचण कुठं येते? साध्या गोष्टीची सगळी ताकद ‘पुढं काय?’ या दोन शब्दांत असते. पूर्वकथेत हा प्रश्न जन्मतःच मेलेला असतो. पुढं काय ते आपण आधीच पाहून बसलेलो असतो. मारधाडीच्या चित्रपटाला तर हे फारच जड जातं. नायक कड्यावरून लोंबकळतो आहे, खाली खोल दरी आहे, पण तो पुढच्या गोष्टीत जिवंत आहे हे आपल्याला माहीत आहे. मग छातीत धडधड व्हायची कशी?

याचं उत्तर आपल्या परंपरेत आहे. मोहरममध्ये करबलाची हकिगत सांगितली जाते. ऐकणाऱ्या लहान पोरालाही ठाऊक असतं की पाणी मिळणार नाही, इमाम हुसेन परतणार नाहीत. तरी डोळे भरून येतात. आपल्याकडच्या कित्येक गावांत सवारीपुढं सगळ्या धर्मांची माणसं उभी असतात, त्यांनाही शेवट माहीत असतो. कारण तिथं ‘काय झालं’ हा प्रश्नच नसतो. ‘कसं सोसलं’ आणि ‘का माघार घेतली नाही’ हे प्रश्न असतात. पूर्वकथेला याच दोन शब्दांवर जगावं लागतं, ‘कसं’ आणि ‘का’. ते जमलं तर माहीत असलेला शेवटच जास्त दुखतो. नाही जमलं तर चित्रपट म्हणजे नुसता जोडपत्राचा कागद होतो.

पूर्वी आपले चित्रपट पूर्वकथा पोटातच ठेवत. ‘शोले’ आठवा, १५ ऑगस्ट १९७५चा. ठाकूर अंगावर शाल पांघरून फिरतो. त्याचे हात आपल्याला दिसत नाहीत, आणि दिसत नाहीत हे लक्षातही येत नाही. मग मध्येच गोष्ट मागं जाते, आणि शाल उडते तेव्हा काळजात चर्र होतं. ती पूर्वकथा काही मिनिटांची, पण तिच्यानंतर आधी पाहिलेला प्रत्येक प्रसंग बदलून जातो. आणि गंमत बघा, गब्बर गब्बर कसा झाला, ते मात्र चित्रपट सांगत नाही. तो कुठून आला, कुणी त्याला असं केलं, काही नाही. म्हणूनच तो अजून भीती घालतो.

आता हातांचंच दुसरं उदाहरण घ्या. २०१५ साली जॉर्ज मिलर यांचा ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ आला. त्याला सहा ऑस्कर मिळाली. त्यातली फ्युरिओसा ही बाई एका हातानं लढते. तिचा दुसरा हात कसा गेला, हे चित्रपट सांगत नाही. चार्लीझ थेरॉनच्या नजरेवरून आपण आपल्या मनाशी काहीतरी जुळवतो. २०२४ला मिलर यांनीच तिची पूर्वकथा ‘फ्युरिओसा’ काढली. त्यात अन्या टेलर-जॉय ही दुसरी नटी आली, आणि हात कसा गेला ते दाखवलं. पहिला चित्रपट काही दिवसांचा एक सलग पाठलाग होता, दुसरा एका मुलीच्या आयुष्याची अनेक वर्षं सांगतो. चाहत्यांत जगभर वाद झाला. काहींना नवा चित्रपट जास्त खोल वाटला, तर काही म्हणाले की आमच्या मनातला हात आम्हाला परत द्या. दोन्ही पक्षांचं म्हणणं मला समजतं. जे प्रेक्षकानं स्वतः कल्पून घेतलेलं असतं, त्यावर त्याची मालकी बसते. तिथं दुसऱ्यानं पाऊल टाकलं की राग येतो.

काही पूर्वकथा मात्र इतक्या अलगद येतात की त्या पूर्वकथा आहेत हेच कळत नाही. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ हा १९६६चा चित्रपट. त्याच्या आधी १९६४ आणि १९६५ साली सर्जिओ लिओने यांचे क्लिंट ईस्टवूडला घेऊन दोन चित्रपट येऊन गेले होते. त्यात नायकाच्या अंगावर ती प्रसिद्ध घोंगडीसारखी ओढणी आहे. तिसऱ्या चित्रपटात ती त्याच्या अंगावर शेवटाकडे येते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा काळ आणि ही ओढणी, एवढ्या दोन खुणांवरून जाणकार ओळखतात की गोष्ट आधीची आहे. कुणी भाषण देत नाही. ज्याला कळलं त्याला आनंद, ज्याला नाही कळलं त्याचंही काही अडत नाही.

आणखी एक उदाहरण आपल्या अमरीश पुरींमुळे जवळचं वाटेल. ‘इंडियाना जोन्स’चा पहिला चित्रपट १९८१चा, त्यातलं साल १९३६. दुसरा, ‘टेम्पल ऑफ डूम’, १९८४ला आला, पण त्यातलं साल १९३५. म्हणजे तोही पूर्वकथाच. अमरीश पुरी त्यात खलनायक मोलाराम झाले. गोष्ट भारतातली, चित्रीकरण मात्र श्रीलंकेत. त्यात आपल्या देशाचं जे विचित्र चित्र रंगवलं, त्याबद्दल नाराजी झाली. पण आज आपल्या मुद्द्यापुरतं सांगायचं तर, काळ एक वर्ष मागं नेऊन त्यांनी पहिल्या गोष्टीत कोणती भर घातली? फारशी नाही. नायक तोच, चाबूक तोच. सालाची पाटी काढून टाकली तरी काही बिघडत नाही. याच्या उलट १९७४चा ‘गॉडफादर’चा दुसरा भाग. त्यात बापाची तरुणपणाची गोष्ट आणि मुलाची पुढची गोष्ट शेजारी शेजारी ठेवली आहे. बाप कुटुंब जोडत जातो, मुलगा तोडत जातो. दोन्ही एकमेकांवर उजेड टाकतात. पूर्वकथा पाहून आल्यावर जुनी गोष्ट बदललेली दिसली पाहिजे, ती अशी.

आपल्याकडं ‘बाहुबली’नं हे वेगळ्या रीतीनं साधलं. जुलै २०१५ला आलेला पहिला भाग एका प्रश्नावर संपला, कटप्पानं बाहुबलीला का मारलं? एप्रिल २०१७पर्यंत अख्खा देश तो प्रश्न विचारत बसला. मारलं हे ठाऊक होतं, मारणारा ठाऊक होता. शिल्लक होता फक्त ‘का’. दुसऱ्या भागाचा मोठा हिस्सा म्हणजे बापाची पूर्वकथाच आहे, आणि ती त्या एका ‘का’वर उभी आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ला दोन्ही भाग एकत्र करून ‘बाहुबली : द एपिक’ या नावानं पुन्हा दाखवले गेले. तेव्हाही लोक गेले. ‘का’चं उत्तर तर आता सर्वांना पाठ होतं.

आता पुन्हा ‘कांतारा’कडे येतो. पहिल्या चित्रपटाचं बळ कशात होतं? किनारी कर्नाटकातल्या तुळू मुलखातली भूतकोल ही दैवतांची परंपरा त्यात आहे. पंजुर्ली आणि गुळिग ही दैवतं माणसाच्या अंगात येऊन बोलतात, न्याय देतात. जुन्या काळी एका राजानं मनःशांतीसाठी दैवताचा दगड घेतला आणि बदल्यात जंगलातली जमीन गावाला दिली. पुढं त्याचा वंशज ती परत मागतो. मग जमीनदार येतो, वनखातं येतं. आणि शिवा नावाचा एक उनाड तरुण, जो दैवताचं काम टाळत असतो, शेवटी त्याच्याच अंगात दैवत येतं. लहान गाव, लहान भांडण, पण पोटातला प्रश्न मोठा. ही जमीन कुणाची? कमी खर्चाचा हा चित्रपट तोंडी प्रसिद्धीवर गावोगाव पोचला. त्यातल्या भूमिकेसाठी ऋषभ शेट्टी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्या चित्रपटात आधी बाप आणि शेवटी मुलगा जंगलात अदृश्य होतात. कुठं जातात, का जातात, कळत नाही. ‘चॅप्टर १’ त्या जागेच्या उगमाकडे जातो. त्यात राजवाडा आहे, बंदर आहे, मसाल्याचा व्यापार आहे, राजकन्या आहे, मोठ्या लढाया आहेत. बेर्मे नावाचा जंगलातला नायक राजाच्या बाजारात येऊन उभा राहतो.

जुन्याच्या बाजूची मुलं म्हणतात, पहिल्यात देव अचानक आला म्हणून अंगावर काटा आला. दुसऱ्यात देव येणार हे ठाऊकच होतं, आणि तो अनेकदा आला. नव्याच्या बाजूची म्हणतात, पहिल्यात राजा दान देणारा वाटला होता. दुसरा पाहिल्यावर कळतं की राजाकडं काय होतं आणि ते मुळात कुणाचं होतं. मला वाटतं, पहिला मुद्दा चवीचा आहे आणि तो खरा आहे. पण दुसरा मुद्दा जास्त दूर जातो.

कारण बघा, ‘आधी काय झालं होतं?’ हा प्रश्न काही पडद्यापुरता नाही. तलाठ्याकडं गेलात तर तोही हेच विचारतो. सातबारा आज काय सांगतो ते एक, पण भांडण लागलं की फेरफार काढा, जुनी नोंद काढा, निजामाच्या काळात कुणाचं नाव होतं ते बघा. २०२३पासून मराठवाड्यात निजामकाळच्या नोंदी शोधल्या गेल्या, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं कशी शोधावी लागली, ते आपण पाहिलं. आजचा हक्क कालच्या गोष्टीवर उभा असतो. म्हणून आधीची गोष्ट कोण सांगतो, याला फार महत्त्व आहे. राजाचा भाट सांगेल तर जमीन दानात मिळालेली असते. जंगलातला माणूस सांगेल तर ती आधीपासून त्याचीच असते. पूर्वकथा चांगली की वाईट, हे ठरवताना हाही एक काटा हातात ठेवावा.

आणि इथंच ‘चॅप्टर १’बद्दल माझी एक खुटखूट आहे. लहान गावाची गोष्ट मोठी करताना राजवाडाच इतका झगमगतो, की जंगलातल्या माणसांचे चेहरे गर्दीत मिसळून जातात. पहिल्या चित्रपटात गावातला एकेक माणूस नावानिशी लक्षात राहतो. पैसा वाढला की पडद्यावरची माणसं वाढतात, पण ओळखीची माणसं कमी होतात. हे फक्त या चित्रपटाचं नाही, सगळ्याच मोठ्या पूर्वकथांचं दुखणं आहे.

या भांडणात मुलं एक हत्यार नेहमी काढतात, गल्ल्याचं. अमक्यानं इतके कोटी कमावले, म्हणून तो भारी. मी त्यांना म्हणतो, बाबांनो, यंदा कापसाला भाव जास्त मिळाला म्हणून यंदाचा कापूस गेल्या वर्षीपेक्षा चांगल्या धाग्याचा ठरतो का? भाव बाजार ठरवतो, धागा बोटांनी पाहावा लागतो. पूर्वकथेला पहिल्या दिवशी जी गर्दी होते, ती पुष्कळदा पहिल्या चित्रपटानं कमावलेली असते. थोरल्या भावाच्या पुण्याईवर धाकट्याला उधारी मिळावी, तसं ते आहे.

धाकट्याचं दुःखही समजून घ्यायला हवं. मुशायऱ्यात एखाद्या शायराची एक गझल गाजलेली असते. तो नवी गझल सुरू करतो आणि मागून आवाज येतो, “जनाब, ती जुनी होऊन जाऊ द्या.” नवी चांगली असली तरी तिला जुनीशी कुस्ती खेळावीच लागते. जुनीला मात्र कुणाशीच लढावं लागलं नव्हतं, कारण ती आली तेव्हा तिच्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती. शिवाय जुनी गझल ऐकली तेव्हा आपण तरुण होतो, सोबत मित्र होते, ती रात्र वेगळी होती. आठवणीतला चित्रपट असाच असतो. त्यात आपलं वय मिसळलेलं असतं. त्याच्याशी तुलना करताना एवढं वजा करावं, मग न्याय होतो.

तेव्हा यापुढं भांडायचं असेल तर जरूर भांडा, पण तीन प्रश्न विचारून भांडा. एक, शेवट माहीत असूनही या गोष्टीत जीव गुंतला का? दोन, हिनं सगळंच उलगडून टाकलं, की गब्बरसारखं थोडं अंधारात ठेवलं? आणि तीन, ही पाहून झाल्यावर जुना चित्रपट पुन्हा लावला तर तो तसाच दिसतो, की त्यात आधी न दिसलेलं काही दिसू लागतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बसल्या जागी मिळत नाही. त्यासाठी जुना चित्रपट खरोखर पुन्हा पाहावा लागतो.

आपल्या गावांच्या वेशीवरही दैवतं बसलेली आहेत. कुठं म्हसोबा आहे, कुठं मरीआई, कुठं एखाद्या पिराचा चौथरा आहे, जिथं दोन्ही हातांची माणसं नारळ आणि गलेफ घेऊन जातात. तो दगड तिथं कुणी ठेवला, ती जागा कुणी दिली, कुणाकडून घेतली, हे सांगणारी म्हातारी माणसं अजून काही गावांत आहेत. उद्या कुणीतरी कॅमेरा घेऊन येईल आणि आपलीही पूर्वकथा सांगेल. ती नीट सांगितली की नाही, हे ओळखायचं तर ती आधी आपल्याला ठाऊक हवी. म्हणून चित्रपटाच्या भांडणातून वेळ मिळाला, तर घरातल्या आजी-आजोबांना, दादा-दादींना एकदा विचारून ठेवा, “आपल्या गावात आधी काय होतं?”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)